हायपरसॉनिक विंड टनेलमधला फ्लो कॉम्प्युटरवर कसा काढतात? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

हायपरसॉनिक टनेलच्या (जिथे गॅस आवाजाच्या साधारण पाचपटीहून जास्त वेगाने मॉडेलवर सोडतात) डेटावर कोणी नवीन काम करायला लागलं की तेच तेच प्रश्न फिरून येतात, म्हणून सगळे एका जागी लिहून ठेवतोय. एक गोष्ट आधीच सांगतो, कारण खालची निम्मी उत्तरं तिच्यावरच उभी आहेत. टनेलच्या टेबलमध्ये फ्रीस्ट्रीम (मॉडेलला धडकण्याआधीचा मोकळा फ्लो) म्हणून जे आकडे छापलेले असतात, मॅक नंबर (गॅसचा वेग तिथल्या आवाजाच्या वेगाच्या किती पट), टेंपरेचर, डेन्सिटी, वेग, ते बहुतेक वेळा कोणी मोजलेले नसतात, ते हिशोबाने काढलेले असतात. त्यामुळे मॉडेलभोवतीचा फ्लो काढण्याआधी नोझलमधला (गॅसला वेग देणाऱ्या, मध्ये अरुंद होऊन पुढे रुंदावणाऱ्या नळीतला) फ्लो नीट काढणं हे खरं पहिलं काम आहे, आणि नेमकं तेच घाईत उरकलं जातं.

मोजलेले नसतात म्हणजे? मग मोजतात तरी काय?

साध्या ब्लोडाउन टनेलमध्ये (टाकीत दाबलेला गॅस नोझलमधून सोडतात तो) नोझलच्या आधीच्या टाकीतलं प्रेशर आणि टेंपरेचर मोजतात, आणि टेस्ट सेक्शनमध्ये (जिथे मॉडेल ठेवतात) पिटो प्रेशर, म्हणजे फ्लोकडे तोंड करून धरलेल्या नळीतलं प्रेशर. बस, मुख्य माप एवढंच. शॉक टनेल (ट्यूबमध्ये शॉक, म्हणजे प्रेशर अचानक वाढवणारी लाट, सोडून गॅस तापवतात तो) असेल तर त्याहून कमी, तिथे ट्यूबमधल्या शॉकचा वेग आणि शॉक परतल्यानंतरचं प्रेशर मिळतं, टेंपरेचर तर थेट मिळतच नाही, तेही काढावं लागतं. टेस्ट सेक्शनमध्ये थर्मामीटर का नाही लावत असं बरेच जण विचारतात. तर तिथे गॅस ५०-६० केल्विनपर्यंत गार झालेला असतो आणि हजार-दोन हजार मीटर प्रति सेकंदाने पळत असतो, त्यात काहीही आडवं घातलं की त्याच्यापुढे शॉक तयार होतो आणि तुम्ही जे मोजता ते शॉकच्या मागचं असतं, फ्रीस्ट्रीमचं नाही.

सगळ्यात सोपा हिशोब कसा करतात?

परफेक्ट गॅस धरायचा, गॅमा (स्थिर प्रेशर आणि स्थिर आकारमानाच्या विशिष्ट उष्णतांचा रेशो) १.४, आणि आयसेंट्रॉपिक (एन्ट्रॉपी न बदलता पसरणाऱ्या गॅसचे) फॉर्म्युले लावायचे. एक उदाहरण करूनच बघू. टाकीत १० बार आणि ५०० केल्विन, टेस्ट सेक्शनमध्ये मॅक ६. मॅक ६ ला टेंपरेचरचा रेशो ८.२ येतो, म्हणजे फ्रीस्ट्रीम ६१ केल्विन. प्रेशरचा रेशो साधारण १५७९, म्हणजे १० बारचे राहिले ६३३ पास्कल. त्या टेंपरेचरला आवाजाचा वेग १५७ मी/से च्या आसपास, तर गॅसचा वेग ९४० मी/से, डेन्सिटी ०.०३६ किलो प्रति घनमीटर. पिटो प्रोब लावला तर तो सुमारे २९.६ किलोपास्कल दाखवायला हवा. हा हिशोब कागदावर दहा मिनिटांत होतो आणि सीएफडी (कॉम्प्युटरवर फ्लोची समीकरणं सोडवणं) चालवायच्या आधी तो दर वेळी करावाच असं माझं ठाम मत आहे, कारण नंतर कोडने काही भलतंच उत्तर दिलं तर ते भलतं आहे हे लगेच कळतं.

मग एवढ्यात भागत असेल तर सीएफडी कशाला?

भागत नाही म्हणून. वरच्या हिशोबात नोझलच्या भिंतीवर बाउंड्री लेयर (भिंतीला घासून मंदावलेला थर) नाही, गॅस तापल्यावर त्याचे गुणधर्म बदलतात ते नाही, आणि टेस्ट सेक्शनमध्ये मध्यभागी एक आणि कडेला दुसरंच असू शकतं तेही नाही. थंड मॅक ६ टनेलमध्ये यातलं बाउंड्री लेयर सोडलं तर बाकीचं थोडक्यात निभावतं. टाकी जसजशी गरम होत जाते तसतसं काहीच निभावत नाही.

गॅमा १.४ कुठपर्यंत धरलेला चालतो?

हवेसाठी साधारण ८०० केल्विनपर्यंत फारसा त्रास होत नाही. त्याच्या वर ऑक्सिजन आणि नायट्रोजनचे रेणू आतल्या आत कंप पावायला लागतात, उष्णता तिकडे मुरते, सीपी (स्थिर प्रेशरची विशिष्ट उष्णता) वाढतो. १००० केल्विनला सीपी १००५ वरून ११४० च्या आसपास जातो आणि गॅमा १.३४ च्या जवळ येतो. वातावरणाएवढ्या प्रेशरला २०००-२५०० केल्विनच्या दरम्यान ऑक्सिजन फुटायला (रेणूचे सुटे अणू व्हायला) लागतो, ४००० च्या पुढे नायट्रोजन. प्रेशर जास्त असेल तर हे फुटणं पुढे ढकललं जातं, त्यामुळे शेकडो बारच्या शॉक टनेलमध्ये हे आकडे जसेच्या तसे लावू नका.

इथेच एक गोष्ट समजून घ्या, कारण यावर फार गैरसमज दिसतो. मॅक १० म्हटलं म्हणजे सगळीकडे एकच परिस्थिती असं नसतं. ३० किलोमीटर उंचीवर हवा सुमारे २२६ केल्विन असते, तिथे मॅक १० म्हणजे साधारण ३ किमी/से. टनेलमध्ये टाकी १०५० केल्विनपर्यंत तापवून मॅक १० केला तर फ्रीस्ट्रीम ५० केल्विन आणि वेग फक्त १.४ किमी/से च्या आसपास. मॅक तोच, पण वेग निम्म्याहून कमी, म्हणजे दर किलोमागची गतिज ऊर्जा पाव हिश्श्याहूनही कमी. पहिल्या केसमध्ये मॉडेलपुढच्या शॉकमागे केमिस्ट्री चालू होते, दुसऱ्यात काहीच होत नाही. म्हणून गरम टनेलवाले मॅकपेक्षा एन्थाल्पीबद्दल (गॅसच्या दर किलोमागच्या एकूण ऊर्जेबद्दल) जास्त बोलतात, इतके मेगाज्यूल प्रति किलो असं.

हवा एवढी गार होते तर तिचं लिक्विड नाही का होत?

होऊ शकतं, म्हणून तर टाकी तापवतात. मॅक ६-७ च्या टनेलमध्ये हीटर असतो तो फ्लाइटची उष्णता आणायला नाही, कंडेन्सेशन टाळायला असतो. कोडमध्ये कंडेन्सेशन नसेल, आणि बहुतेक कोडमध्ये नसतंच, तर फ्रीस्ट्रीमचं प्रेशर-टेंपरेचर सॅचुरेशनच्या कुठल्या बाजूला पडतंय ते हाताने तपासा.

शॉक टनेलमध्ये टाकीचं टेंपरेचर काढतात म्हणजे नेमकं कसं?

साखळी आहे. इथे टाकी म्हणजे नोझलच्या तोंडाशी, परतलेल्या शॉकने तापलेला गॅस. ट्यूबमध्ये सुरुवातीला भरलेला गॅस माहीत असतो, त्याचं प्रेशर-टेंपरेचर माहीत असतं. शॉकचा वेग मोजला की शॉकमागची स्थिती निघते, मग तो शॉक टोकाच्या भिंतीवर आपटून परततो तर परतलेल्या शॉकमागची स्थिती निघते, हे सगळं केमिकल इक्विलिब्रियम (रासायनिक क्रिया पूर्ण स्थिरावल्या असं) धरून. नासाचा सीईए किंवा तसलाच दुसरा इक्विलिब्रियम कोड याच कामाला वापरतात. मग काढलेलं प्रेशर आणि मोजलेलं प्रेशर जुळत नाही (जवळजवळ कधीच जुळत नाही), तेव्हा एन्ट्रॉपी तीच ठेवून मोजलेल्या प्रेशरपर्यंत गॅस सैल किंवा घट्ट करून घेतात. तिथून पुढे नोझल.

या साखळीतली सगळ्यात नाजूक कडी म्हणजे शॉकचा वेग. शॉक ट्यूबमधून जाताना मंदावत जातो, त्यामुळे नोझलजवळच्या गॅसचा एक भाग वेगळ्या ताकदीच्या शॉकने तापलेला असतो आणि दुसरा भाग वेगळ्या, मग एकच टाकीचं टेंपरेचर म्हणणं हीसुद्धा एक सोय आहे. कोणत्या दोन सेन्सरमधला वेग घेतला हे लिहून ठेवायलाच पाहिजे. वेगात छोटा फरक पडला तरी एन्थाल्पीत साधारण दुप्पट टक्क्यांनी दिसतो.

फ्रीझिंग फ्रीझिंग म्हणतात ते काय आहे?

हा या सगळ्या विषयाचा गाभा आहे त्यामुळे जरा सावकाश वाचा. टाकीत गॅस गरम असतो, रेणू कंप पावत असतात, काही फुटलेले असतात. थ्रोटमधून (नोझलच्या सगळ्यात अरुंद जागेतून) बाहेर पडला की गॅस झपाट्याने पसरतो आणि गार होतो. गार झाल्यावर कंप शमायला हवा, फुटलेले अणू परत जुळायला हवेत. पण त्यासाठी रेणूंच्या टकरी लागतात, आणि डेन्सिटी इतक्या वेगाने पडते की टकरीच पुरत नाहीत. दोन अणू जुळायला तर तिसरा कोणीतरी हजर लागतो, जास्तीची ऊर्जा घेऊन जायला, म्हणजे तिघांची गाठ पडायला हवी, ते तर आणखीच अवघड. मग थ्रोटच्या थोडं पुढे एका टप्प्याला केमिस्ट्री आहे तिथेच थांबते. के. एन. सी. ब्रे यांनी १९५९ मध्ये हायपरसॉनिक नोझलमधल्या अणूंच्या पुनर्जोडणीवर हेच मांडलं, की आधी जवळजवळ इक्विलिब्रियम, मग एकदम फ्रीझ. पुढे १९६० च्या दशकात कॉर्नेल एरोनॉटिकल लॅबमध्ये एनईएनझेडएफ नावाचा वन-डायमेन्शनल प्रोग्रॅम झाला, नॉन-इक्विलिब्रियम नोझलसाठी, आणि शॉक टनेलवाले त्याच पद्धतीच्या प्रोग्रॅमवर वर्षानुवर्षं चालले.

परिणाम काय होतो? टेस्ट सेक्शनमधली हवा ही आपली हवा राहत नाही. तिच्यात सुटा ऑक्सिजन असतो, नायट्रिक ऑक्साइड असतो, आणि नायट्रोजनचं व्हायब्रेशनल टेंपरेचर हजारो केल्विनवर अडकलेलं असतं, तेव्हा त्याच रेणूचं साधं टेंपरेचर एक-दोनशे केल्विन असू शकतं. एकाच गॅसला दोन टेंपरेचर. म्हणून कोडमध्ये टू-टेंपरेचर मॉडेल लागतं, बहुतेक ठिकाणी पार्क यांचं, आणि रिलॅक्सेशनचा (कंप समतोलाला यायचा) वेळ १९६३ च्या मिलिकन-व्हाइट सूत्राने. यात एक अडचण आहे, ही सूत्रं मुख्यतः शॉकमागे गॅस तापताना मोजलेल्या डेटावर बसवली आहेत, आणि नोझलमध्ये गॅस उलट गार होत असतो. तेच दर उलट्या दिशेलाही लागू पडतात हे गृहीतक आहे, निकालात हे डोक्यात असू द्या.

हे फ्रीझिंग एवढं महत्त्वाचं आहे का? शेवटी एक-दोन टक्क्यांचाच फरक ना?

नाही. डबल कोनची गोष्ट बघा. अमेरिकेत बफेलोच्या सीयूबीआरसी मध्ये लेन्स शॉक टनेलमध्ये डबल कोनवर टेस्ट झाल्या, म्हणजे दोन वेगळ्या उताराचे शंकू एकामागे एक, गॅस नायट्रोजन, मुद्दाम अशा कंडिशन निवडल्या की फ्लो लॅमिनार (शांत, थरांनी वाहणारा, टर्ब्युलंटसारखा घुसळलेला नाही) राहावा आणि कोड तपासता यावेत. वेगवेगळ्या लोकांनी आपापले कोड चालवले. पुढच्या कोनवर, जिथे फ्लो भिंतीला चिकटून साधासरळ जातो आणि कोणालाही बरोबर यावा अशी जागा आहे, तिथे कोडचा हीट फ्लक्स (भिंतीच्या दर क्षेत्रफळाला शिरणारी उष्णता) मोजमापापेक्षा साधारण २० टक्के जास्त येत होता. अवघड जागी चुकणं समजू शकतं, सोप्या जागी का? नॉम्पेलिस, कँडलर आणि होल्डन यांनी २००३ मध्ये दाखवलं की बऱ्याच अंशी उत्तर फ्रीस्ट्रीममध्ये आहे. नोझलमध्ये नायट्रोजनचं व्हायब्रेशन थ्रोटजवळच फ्रीझ झालं होतं, ती ऊर्जा कंपातच अडकून राहिली, वेगात उतरली नाही, म्हणून मॉडेलवर आदळणारी गतिज ऊर्जा कमी होती. शिवाय ती कंपातली ऊर्जा धातूच्या भिंतीला सहजासहजी मिळतही नाही, तेही हिशोबात धरावं लागलं. मॉडेलभोवतीची ग्रिड कितीही बारीक केली असती तरी हा फरक गेला नसता, कारण चूक इनफ्लोच्या ओळीत होती.

पिटो प्रेशर तर जुळतंय, मग फ्रीस्ट्रीम बरोबरच आहे ना?

हा सगळ्यात फसवा प्रश्न. पिटो प्रेशर म्हणजे जवळपास डेन्सिटी गुणिले वेगाचा वर्ग. नोझलमधून जाणारा मास फ्लो ठरलेला, आणि वेग फ्रीझिंगने थोडासाच बदलतो, त्यामुळे केमिस्ट्री पूर्ण फ्रीझ धरा नाहीतर पूर्ण इक्विलिब्रियम, पिटो जवळजवळ तोच येतो. पिटो जुळलं म्हणजे नोझलचा एरिया रेशो आणि बाउंड्री लेयर ठीक पकडलं एवढंच कळतं. स्टॅटिक प्रेशर आणि टेंपरेचर मात्र केमिस्ट्रीने चांगलंच हलतं. म्हणून शक्य असेल तिथे स्टॅटिक प्रेशर, गोलाच्या नाकावरचा हीट फ्लक्स, आणि लेझरने घेतलेली मापं, म्हणजे डायोड लेझर अॅब्सॉर्प्शन किंवा नायट्रिक ऑक्साइडचं फ्लुरोसन्स, असं काहीतरी जोडीला हवंच. लेझरचा मोठा फायदा म्हणजे फ्लोमध्ये काही घुसवावं लागत नाही.

बाउंड्री लेयरचा मॅक नंबरवर खरंच एवढा परिणाम होतो?

होतो. हायपरसॉनिक नोझलमध्ये भिंतीजवळचा थर जाड असतो आणि तो मधल्या फ्लोला जागा कमी करून देतो, म्हणजे नोझल कागदावर दिसतं त्यापेक्षा अरुंद वागतं. पर्ड्यू युनिव्हर्सिटीचं मॅक ६ क्वाएट टनेल (मुद्दाम कमी नॉइजचं केलेलं) हे याचं देखणं उदाहरण आहे. भिंतीवरचं बाउंड्री लेयर लॅमिनार असताना तिथे मॅक ६.० मिळतो, आणि तेच टर्ब्युलंट केलं की ५.८. नोझल तेच, टाकी तीच, बदललं ते फक्त भिंतीवरचं थर. आता ०.२ काय मोठंसं, असं वाटेल, त्यासाठी पुढचा प्रश्न वाचा.

कोडच्या बाजूने बघितलं तर टर्ब्युलन्स मॉडेल कुठलं यापेक्षाही ट्रान्झिशन (लॅमिनारचं टर्ब्युलंट होणं) कुठे धरलं याने उत्तर जास्त बदलू शकतं, आणि शॉक टनेलमध्ये ती जागा कोणी बघितलेली नसते. दोन टोकं चालवून बघा, थ्रोटपासूनच टर्ब्युलंट आणि बरंच पुढे जाऊन टर्ब्युलंट. भिंतीचं टेंपरेचरसुद्धा नीट द्या. काही मिलिसेकंदांच्या रनमध्ये भिंत जवळपास गारच राहते, पण थ्रोटला प्रचंड हीट फ्लक्स असतो, तिथे ती तापते.

मॅकमध्ये १ टक्का चूक झाली तर बाकीचं किती चुकतं?

टाकीची स्थिती तीच ठेवली तर, मॅक मोठा असताना आणि गॅमा १.४ असताना, टेंपरेचर मॅकच्या वर्गाच्या उलट जातं, डेन्सिटी आणि पिटो पाचव्या घाताच्या उलट, स्टॅटिक प्रेशर सातव्या. म्हणजे मॅकमध्ये १ टक्का इकडे-तिकडे झालं की टेंपरेचर सुमारे २ टक्के, डेन्सिटी ५ टक्के, प्रेशर ७ टक्के सरकतं. वेग मात्र जागचा हलत नाही म्हटलं तरी चालेल, तो टाकीच्या एन्थाल्पीनेच ठरतो. पर्ड्यूचं ६.० विरुद्ध ५.८ म्हणजे साडेतीन टक्क्यांच्या आसपास, आता प्रेशर किती हललं असेल ते स्वतःच काढा. हेच उलटं वापरलं तर फायद्याचं आहे, पिटोमध्ये ५ टक्के चूक असली तरी मॅक १ टक्क्यात सापडतो.

ग्रिड कशी करावी?

थ्रोटजवळ बारीक, भिंतीजवळ पहिला सेल वाय-प्लस (भिंतीपासूनचं एककरहित अंतर) १ च्या आत, आणि थ्रोटचा आकार खऱ्या मापाचा, ड्रॉइंगचा नाही, कारण थ्रोट झिजतो. अॅक्सिसिमेट्रिक नोझलमध्ये भिंतीवरची छोटीशी खोट किंवा कंटूरच्या पॉइंटमधली खरखर लाटा होऊन नेमकी मध्यरेषेवर एकवटते, मग मध्यभागी पिटोमध्ये टेंगूळ दिसतं. ते खऱ्या टनेलमध्येही दिसतं आणि खराब स्प्लाइनमुळे सीएफडीतही दिसतं, म्हणून कंटूरच्या उताराचा आणि वक्रतेचा ग्राफ काढून आधी नजरेखालून घाला. मॉडेलपुढच्या शॉकला ग्रिड समांतर ठेवा, नाहीतर नाकावर कार्बंकल (शॉकमध्ये हिशोबामुळे येणारा खोटा फुगवटा) उगवतो आणि हीट फ्लक्स बिघडतो.

सदरलँड लॉ (टेंपरेचरवरून विस्कॉसिटी काढायचं सूत्र) वापरला तर?

१०० केल्विनच्या वर बिनधास्त. थंड टनेलची फ्रीस्ट्रीम त्याच्याही खाली जाते, तिथे सदरलँड विस्कॉसिटी कमी दाखवतो आणि रेनॉल्ड्स नंबर (जडत्वाचं विस्कॉसिटीशी प्रमाण) फुगतो. रेनॉल्ड्सची तुलना करताना समोरच्याने कुठला लॉ वापरला ते आधी विचारा.

मेथड ऑफ कॅरॅक्टरिस्टिक्स (सुपरसॉनिक फ्लो लाटांच्या रेषांवरून काढायची पद्धत) आता जुनी झाली का?

अजिबात नाही. प्रांट्ल आणि बुसेमान यांनी १९२९ मध्ये ती मांडली आणि नोझलचा कंटूर अजूनही बऱ्याचदा तिनेच सुरू होतो. सिव्हेल्स यांचा १९७८ चा प्रोग्रॅम, कॅरॅक्टरिस्टिक्स अधिक बाउंड्री लेयर करेक्शन, आजही वापरात आहे. मॅक ८-१० च्या पुढे थर इतका जाड होतो की करेक्शन पुरत नाही, तिथे नेव्हियर-स्टोक्स (फ्लोची पूर्ण समीकरणं) सोडवून ऑप्टिमायझेशन करतात. आणि डिझाइन एका रेनॉल्ड्सला केलेलं असतं, दुसऱ्या कंडिशनला चालवलं की एकसारखेपणा थोडा जातोच.

टनेलचा नॉइज सीएफडीत दिसतो का?

नेहमीच्या रॅन्स रनमध्ये (ज्यात फ्लोची फक्त सरासरी काढतात) नाही, तिथे फ्रीस्ट्रीम अगदी शांत दिसते. खऱ्या टनेलमध्ये टर्ब्युलंट भिंतीवरून आवाजाच्या लाटा सतत आत येत असतात, साध्या टनेलमध्ये पिटोच्या चढउताराचं प्रमाण १ टक्का किंवा जास्त, क्वाएट टनेलमध्ये त्याच्या कितीतरी पट खाली. प्रेशर, फोर्स यांना याचं फारसं काही नाही. पण मॉडेलवरचं ट्रान्झिशन काढायचं असेल तर नॉइज सोडून केलेला हिशोब त्या टनेलचा हिशोबच नाही.

डीएसएमसी (रेणूंच्या टकरींचा नमुन्यांवरून हिशोब) कधी लागतो?

नोझलमध्ये सहसा नाही. लो-डेन्सिटी टनेल असेल, किंवा मॉडेलच्या धारदार कडेपाशी आणि मागच्या भागात रेणू दोन टकरींच्या मध्ये जे अंतर कापतो ते मॉडेलच्या मापाच्या जवळ यायला लागलं, तर लागतो.

रिपोर्टमध्ये काय काय द्यावं?

टाकीचं मोजलेलं प्रेशर, शॉकचा वेग आणि कुठे मोजला ते, थ्रोटचं माप, केमिस्ट्रीचं मॉडेल, ट्रान्झिशन कुठे धरलं, आणि प्रत्येक आकड्यापुढे तो मोजला की काढला. व्हायब्रेशनल टेंपरेचर आणि गॅसचे घटक वेगळे द्या. नुसतं मॅक आणि रेनॉल्ड्स दिलं तर दुसऱ्याला तुमचा फ्लो परत उभा करता येत नाही. टेस्टची वेळही द्या, कारण रन लांबला की शॉक टनेलमध्ये ड्रायव्हर गॅस (शॉक ढकलणारा गॅस) टेस्ट गॅसमध्ये मिसळायला लागतो आणि त्यानंतरचा डेटा वेगळ्याच गॅसचा असतो.

टनेलचा गॅस खऱ्या हवेसारखा नसेल तर फ्लाइटसाठी त्याचा उपयोग काय?

उपयोग कोड तपासायला, आणि तो फार मोठा आहे. टनेलमधला आकडा उचलून फ्लाइटला लावायचा नाही. आधी नोझलमधून निघालेली फ्रीस्ट्रीम, तिच्या सुट्या ऑक्सिजनसकट आणि अडकलेल्या व्हायब्रेशनसकट, मॉडेलच्या रनला इनफ्लो म्हणून द्यायची आणि मोजमापाशी मेळ बसतो का बघायचं. बसला, की तोच कोड, तीच केमिस्ट्री, तशीच ग्रिड ठेवून फक्त इनफ्लो बदलायचा आणि त्या उंचीवरची साधी, न फुटलेली, थंड हवा द्यायची. या दोन रनमधला फरक हा नोझलने गॅसला जे केलं त्याचा परिणाम, आणि पुढच्या टेस्टची कंडिशन ठरवताना मी तरी आधी तोच फरक बघतो.